रुग्ण दिसण्याआधी





आज पदवी स्वीकारणाऱ्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालंय, कुणी परिचारिका, कुणी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, कुणी स्थापत्य अभियंता, कुणी संख्याशास्त्रज्ञ. एरवी या विद्याशाखांचे रस्ते वेगळे असतात. एका कामात मात्र त्यांचं एकमेकींवाचून भागत नाही, आणि त्याच कामाबद्दल मी आज बोलणार आहे. ते काम म्हणजे सांडपाणी तपासून साथीची चाहूल आधीच घेणं. दीक्षान्त समारंभात मैलापाण्याचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात तरी तसं वाटू नये.

पोलिओचंच घ्या. या विषाणूची लागण झालेल्या साधारण दोनशे जणांपैकी एकाला कायमचा लुळेपणा येतो. बाकीच्यांना थोडा ताप येतो किंवा काहीच होत नाही. ते दवाखान्यात जात नाहीत, कुठल्याही नोंदवहीत त्यांचं नाव चढत नाही, पण त्यांच्या शौचावाटे विषाणू आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणजे रुग्णालयाला एक मूल दिसतं तेव्हा वस्तीतल्या गटारातून दोनशे जणांची खबर वाहून गेलेली असते.

ही खबर वाचण्याचं भारतातलं पद्धतशीर काम २००१ मध्ये मुंबईत सुरू झालं. परळला हाफकिन संस्थेच्या आवारात असलेल्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात हे नमुने तपासले जात. धारावीसारख्या दाट वस्त्यांचं सांडपाणी जिथे एकत्र येतं, तिथून ठरलेल्या दिवशी सकाळी नमुना घ्यायचा, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचा, त्यातला विषाणू दाट करून पेशींवर वाढवायचा आणि मग त्याचा जनुकीय क्रम वाचायचा. हा क्रम वाचला की विषाणूचं गणगोत कळतं. मुंबईच्या पाण्यात सापडलेल्या विषाणूंची नाती उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या विषाणूंशी जुळत होती, आणि शहरात लुळेपणाचा रुग्ण नसतानाही ते सापडत होते. कामाच्या शोधात येणाऱ्या कुटुंबांची मुलं लसीकरणातून सुटू नयेत, हे त्यातून ठसठशीतपणे समोर आलं. मग रेल्वे स्थानकांवर, बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर जाऊन डोस पाजणारी माणसं उभी राहिली. देशातल्या नैसर्गिक पोलिओच्या शेवटच्या रुग्णाला १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात लक्षणं दिसली, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. रुग्ण नाही म्हणजे विषाणूही नाही, असं छातीठोकपणे म्हणता आलं त्यात गटारातल्या त्या नमुन्यांचा मोठा वाटा होता.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उदाहरण सांगतो. २०१३ मध्ये दक्षिण इस्रायलमधल्या सांडपाण्यात नैसर्गिक पोलिओचा विषाणू सापडला. देशात लसीकरण उत्तम होतं, पण अनेक वर्षं फक्त इंजेक्शनची लस दिली जात होती. ती मुलाला लुळेपणापासून वाचवते. आतड्यात विषाणू वाढण्याला मात्र पुरेसा अटकाव करत नाही. त्यामुळे विषाणू निरोगी मुलांमधून निमूटपणे फिरत होता. एकही मूल लुळं पडलेलं नव्हतं. अशा वेळी आरोग्य खात्याने वाट पाहिली असती तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी वाट पाहिली नाही. ऑगस्टमध्ये तोंडावाटे द्यायच्या थेंबांची मोहीम सुरू केली आणि लाखो मुलांना डोस पाजले. त्या साथीत एकही मूल लुळं पडलं नाही.

मित्रहो, यात विज्ञान आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट निर्णयाची आहे. समोर रुग्ण नसताना, नमुन्यातल्या विषाणूच्या भरवशावर पावलं उचलायची. आपल्या शिक्षणाने आपल्याला रुग्ण आल्यावर धावायला शिकवलं आहे. रुग्ण येण्याआधी धावायला तुम्ही शिकावं, एवढंच मागण्यासाठी मी आज इथे उभा आहे.

कोविडच्या काळात ही पद्धत जगभर पसरली. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू आढळला. तिथल्या ३११ जणांची तपासणी झाली आणि लक्षणं नसलेले दोन बाधित विद्यार्थी सापडले. तुमच्याच वयाची दोन मुलं वेळीच वेगळी राहिली आणि वसतिगृह वाचलं. आपल्याकडे अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूरु आणि पुण्यातल्या संशोधकांनीही त्या काळात सांडपाण्यातला कोरोना मोजला.

हे काम दिसतं तितकं सरळ नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो आणि विषाणूचं प्रमाण कमी होतं. मग आकडा घसरला तो साथ ओसरली म्हणून की पाऊस पडला म्हणून? यावर एक सुंदर तोड निघाली. मिरचीच्या रोपांवर वाढणारा एक विषाणू आपल्या जेवणातून पोटात जातो, काही अपाय न करता बाहेर पडतो आणि जवळपास सर्व शहरांच्या मैल्यात सापडतो. त्याचं प्रमाण मोजलं की नमुन्यात माणसांचा मैला किती आणि पाणी किती याचा अंदाज येतो, आणि त्या तुलनेत आजाराचा विषाणू जोखता येतो.

यासाठी भारी यंत्रंच लागतात असंही नाही. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर यांनी गॉजच्या पट्ट्या गटारांत सोडल्या आणि पॅराटायफॉइडच्या वाहकाचा गल्लीगल्लीतून माग काढला. टायफॉइड अजूनही घरोघरी येणाऱ्या आपल्या देशात ही स्वस्त युक्ती जुनी झालेली नाही.

आपल्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार भारतातल्या शहरांत रोज अंदाजे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होते. उरलेलं सेप्टिक टँकमध्ये, उघड्या नाल्यांत, नद्यांत जातं. फक्त शुद्धीकरण प्रकल्पाच्या तोंडाशी नमुने घेतले तर ज्यांच्या घरापर्यंत मलवाहिनीच पोचलेली नाही ती माणसं आपल्या नकाशावरून गायब होतील, आणि साथ बहुधा तिथूनच सुरू होईल. उघड्या नाल्यांवरून, मैला वाहून नेणाऱ्या टँकरांतून नमुने घेण्याची रीत आपली आपणच बसवायची आहे.

खबर उशिरा येते म्हणजे काय, तेही आपण पाहिलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा पहिली खबर आली ती हातापायांतलं बळ गेलेल्या माणसांकडून, रुग्णालयातल्या खाटांवरून. अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू आढळला आणि सगळ्यांचं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे गेलं. सांडपाण्याच्या तपासणीने प्रत्येक साथ आधी कळेल, असं वचन कुणी देऊ शकत नाही. पण नियमित पाहत राहिल्याशिवाय बदल उमगत नाही, हे तर नक्की.

दोन पथ्यं सांगतो. सांडपाण्यातून कुणाचं नाव कळत नाही, ही या पद्धतीची थोरवी आहे. पण वस्तीचं नाव कळतं. 'अमुक वस्तीत विषाणू सापडला' ही बातमी तिथल्या लोकांची कामं हिरावून घेऊ शकते. म्हणून निकाल हाती येईल तेव्हा त्या वस्तीत पोलिसाआधी आणि कॅमेऱ्याआधी आशाताई पोचली पाहिजे, लस, औषध आणि स्वच्छ पाणी घेऊन. दुसरं, नमुन्यासाठी एकाही माणसाला मॅनहोलमध्ये उतरवायचं नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, तरी गुदमरून होणारे मृत्यू थांबलेले नाहीत. कुठला नाला कुठे मिळतो, कुठे तुंबतो, हे सफाई कामगारांना कुठल्याही नकाशाहून चांगलं ठाऊक असतं. त्यांना तुमच्या पथकात मानाने बसवा आणि त्यांच्याकडून शिका.

उद्या तुमच्यापैकी कुणी महापालिकेत आरोग्य अधिकारी असेल. अंदाजपत्रकाच्या बैठकीत तुम्ही सांडपाणी तपासणीसाठी निधी मागाल, आणि समोरून प्रश्न येईल, "यंदा त्या आजाराचे रुग्ण किती?" उत्तर असेल, शून्य. त्या क्षणी गप्प बसू नका. तो शून्य कसा टिकला, त्यासाठी दर आठवड्याला कोण नमुने घेतं, कोण तपासतं, कोण घरोघर जाऊन डोस पाजतं, हे मांडा. अभियंत्यांनो, तुम्ही त्या आरोग्य अधिकाऱ्याच्या शेजारी मलवाहिन्यांचा नकाशा घेऊन बसा. संख्याशास्त्रज्ञांनो, आकडा कधी धोक्याचा आणि कधी नुसता पावसाचा, हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळेल अशा मराठीत सांगा. आणि इशारा आला की कुणी, किती तासांत, काय करायचं, हे आधीच लिहून ठेवा. कारण उत्तर द्यायला कुणी नसेल तर इशाऱ्याचा उपयोग नाही.

पदवीबरोबर तुम्हाला समाजाचा विश्वास मिळतो आहे. ज्यांचा आजार अजून दिसलेला नाही त्यांच्यासाठीही तो विश्वास खर्च करा.