विक्रोळी इंग्रजांकडेच का राहिली? चार फौजांच्या युतीची गोष्ट

आजचा विषय आहे लष्करी युती. बातम्यांत 'नाटो' हे नाव आपण ऐकतोच. पण आजची गोष्ट आपल्याच पायाखालच्या जमिनीची.

विक्रोळी, घाटकोपर, मुलुंड हे सगळं साष्टी बेटावर येतं. हे बेट मराठ्यांचं होतं. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी हातची गेली.

१७८० मध्ये नाना फडणवीसांनी मोठा डाव मांडला. कंपनीची मुख्य ठाणी तीन: मुंबई, मद्रास, कलकत्ता. सगळीकडे एकदमच घाव घालायचा, म्हणजे एकाला दुसऱ्याची मदत मिळणार नाही. मुंबई-गुजरातकडे पेशव्यांची फौज, मद्रासकडे हैदर अली, बंगालवर नागपूरकर भोसले आणि पूर्व किनाऱ्यावर निजाम. यातले हैदर आणि मराठे तर जुने वैरी!

मग झालं काय? हैदरनं शब्द पाळला. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला त्यानं इंग्रजांची अख्खी तुकडी संपवली. पण बाकीचे? निजामाचा राग होता गुंटूरवरून. वॉरन हेस्टिंग्जनं गुंटूर परत करायला लावलं, निजाम गप्प बसला. भोसल्यांची फौज मुद्दाम रेंगाळत कटकला पोचली, कंपनीकडून पैसे मिळाले, बंगाल वाचला. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजी शिंद्यांनीही इंग्रजांशी वेगळा समझोता केला.

१७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. वसई परत मिळाली, साष्टी नाही. हैदर अजून लढतच होता, आणि तहात म्हटलं होतं की त्यानं जिंकलेला मुलूख पेशव्यांनी त्याला सोडायला लावावा! नानांनी मंजुरी लांबवली. डिसेंबरमध्ये हैदर वारला, मग तह मंजूर झाला.

म्हणजे प्लॅन भारी होता, पण तो पाळायला लावणारं कुणीच नव्हतं. शत्रू एकच, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं. हेस्टिंग्जनं नेमकं ते हेरलं.

नाटो १९४९ ची. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, हे त्यांचं पाचवं कलम. पण ते नुसतं कागदावर ठेवलं नाही. १९५१ मध्ये आयझेनहॉवरच्या हाताखाली एकत्र लष्करी मुख्यालय उभं केलं. कोण किती सैन्य देणार, कुठे लढणार, याची तयारी शांततेतच होते. अर्थात, निर्णय सगळ्यांच्या संमतीनं, म्हणून तिथेही रखडपट्टी असतेच. स्वीडनला प्रवेशासाठी २०२२ ते २०२४ थांबावं लागलं.

तेव्हा पुढच्या वेळी नवी युती झाल्याची बातमी आली, की फोटोत कोणी हात मिळवले ते सोडा. दोनच प्रश्न विचारा: हुकूम कोणाचा चालणार? आणि एखाद्याला शत्रूनं वेगळं गाठलं, तर बाकीचे त्याला कसं धरून ठेवणार?

भेटू पुढच्या भागात!