दासमारुति आणि प्रतापमारुति



सातारा जिल्ह्यांतील चाफळ येथें राममंदिराशीं मारुतीच्या दोन मूर्ति आहेत. समर्थ रामदासांनीं १७ व्या शतकांत साताऱ्यापासून कोल्हापुरापर्यंतच्या टापूंत जे ११ मारुति स्थापिले, त्यांपैकीं हे दोन. रामासमोर हात जोडून उभा आहे तो दासमारुति. देवळामागें आहे तो प्रतापमारुति. आपण बहुधा ह्यांतील एकच रूप उचलतों. तालमींत बळाची पूजा होते, देवघरांत दास्याची.

वाल्मीकींच्या रामायणांत मात्र अशी वांटणी नाहीं. सीतेच्या शोधार्थ समुद्रकांठीं आलेल्या वानरांची निष्ठा कांहीं उणी नव्हती. पण केवळ निष्ठेनें १०० योजनें ओलांडतां येत नाहींत. जांबवानानें बळाची आठवण दिली, तेव्हां हनुमान उठला.

त्या बळाचें पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. अशोकवनांत सीता दिसतांच तो पानांआड बसून विचार करतो. त्याच्या शुद्ध वाणीची प्रशंसा खुद्द रामानें केलेली. तरी पंडिती संस्कृत बोललों तर रावणच आला असें वाटून ही भिईल, म्हणून साध्या माणसांच्या भाषेंत बोलावें, असें तो ठरवितो. समुद्र ओलांडणाऱ्या वीराला एका दुःखी स्त्रीच्या भयाची चिंता पडते!

मग लंका पेटते. चित्रांतली गोष्ट बहुधा येथेंच थांबते. वाल्मीकींचा हनुमान शेपटीची आग समुद्रांत विझवितो आणि दचकतो: ह्या आगींत सीताच जळाली असली तर? तो स्वतःच्या क्रोधाला दूषण देतो, प्राणत्यागाचाहि विचार करतो. ती सुखरूप असल्याचें चारणांच्या तोंडून ऐकल्यावर त्याचा जीव खालीं पडतो. तरीहि तिला पुन्हां डोळ्यांनीं पाहिल्यावांचून तो परत फिरत नाहीं.

विजयाच्या क्षणीं आपल्याच बळाचा असा झाडा घेणें, हें मला त्या जोडलेल्या हातांचें मर्म वाटतें. असे हात दुबळ्याचे नव्हेत. ज्याचें बळ कोणासाठीं तरी आहे, त्याला आपल्या हातून काय घडलें ह्याचा जाब स्वतःलाच द्यावा लागतो.

शनिवारीं मारुतीला तेल वाहून आपण मुलांसाठीं शक्ति मागतों. ती कोणाच्या कामीं पडणार, हेंहि त्यांना कधीं विचारावें. चाफळास गेलांत तर देवळामागें अवश्य जाऊन या. आणि परततांना दासमारुतीसमोर पुन्हां क्षणभर उभे राहा.