शरदाचीं पावलें

शाळांतून मुलांना ऋतु तीन शिकविले जातात : उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा. प्रत्येकाच्या वांट्यास चार महिने. घरच्या पंचांगांत मात्र ऋतु सहा असतात, आणि त्यांतील शरद हा या शाळेच्या वांटणींत कोठेंच बसत नाहीं. त्याचा थोडा भाग पावसाळा घेतो, उरलेला हिवाळा. आमच्या मास्तरकीच्या काळांत एखादा चौकस मुलगा हटकून विचारी, "गुरुजी, ऑक्टोबरांत एवढें ऊन पडतें, मग तो उन्हाळा कां नाहीं ?" प्रश्न अगदीं रास्त होता. आज त्याचें उत्तर जरा सविस्तर पाहूं.

पाश्चात्य देशांत उन्हाळा सरला कीं पानगळीचा ऋतु लागतो. आपल्याकडे ग्रीष्म आणि शरद यांच्यामध्यें वर्षाऋतु उभा असतो. त्यामुळें एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट पाण्यांतून जाते, आणि ती ओलांडतांच गारवा न भेटतां प्रथम पुन्हां ऊनच भेटतें. हा पालट एका दिवशीं होत नाहीं. आभाळ, वारा, झाडें आणि पाखरें हीं एकामागून एक त्याची वर्दी देतात. पुणें आणि त्याच्या आसपासचा मुलूख नजरेपुढें ठेवून मी बोलणार आहें.

पहिली वर्दी आभाळाची. पुण्यांत जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर दक्षिणेकडे ढळूं लागतो. सप्टेंबरच्या २२ किंवा २३ तारखेस दिवस आणि रात्र जवळजवळ समान होतात. दक्षिणेच्या ज्या खिडकींत श्रावणांत दुपारचें ऊन येत नव्हतें, त्या खिडकींतून आतां तें घरांत पाऊल टाकतें. पहांटे उठण्याची संवय असलेल्यांनीं दक्षिण क्षितिजाकडे पाहावें. ढग नसतील तर अगस्त्याचा तेजस्वी तारा तेथें दिसेल. अगस्त्य उगवला कीं पाणी निवळतें, ही समजूत फार जुनी आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत अगस्त्यासाठीं एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. ताऱ्यानें पाणी निवळत नाहीं, हें उघड आहे. परंतु पाऊस ओसरून गाळ खालीं बसण्याचा काळ आणि या ताऱ्याचा काळ एकच, हें आपल्या पूर्वजांनीं अचूक हेरलें होतें.

दुसरी वर्दी वाऱ्याची. जून ते ऑगस्टपर्यंत पश्चिमेकडून अखंड वाहणारा वारा सप्टेंबरांत मंदावतो, कांहीं दिवस अगदीं पडतो, आणि पुढें पूर्वेकडून येऊं लागतो. वाळत घातलेलीं धोतरें-लुगडीं कोणत्या बाजूस फडफडतात, एवढें पाहिलें तरी हें कळतें. वारा पडलेला, आभाळ उघडें, सूर्य अजून बराच वर आणि जमीन मात्र ओली; या चौघांच्या संगनमतानें जो उकाडा होतो, त्यासच आपण 'ऑक्टोबर हीट' म्हणतों. वैशाखाचें ऊन कोरडें असतें. हें ऊन जमिनींतील ओल उकळून काढतें, म्हणून त्यानें जीव अधिक कासावीस होतो. मुंबईकरांना तर समुद्राची दमट हवा वर आणखी भोगावी लागते. मात्र निरभ्र रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशांत सोडून देते, पहांटे गवतावर दंव पडतें, आणि पांघरूण पायाशीं घेऊन निजावें लागतें. दुपारीं पंखा आणि पहांटे पांघरूण, ही शरदाची खरी ओळख. चौकस मुलाच्या प्रश्नाचें उत्तरही हेंच, कारण उन्हाळ्याच्या रात्रीं असा दिलासा क्वचितच देतात.

या उकाड्यांतूनच परतीचा पाऊस जन्मतो. सकाळ लख्ख, दुपारीं फुलकोबीसारखे ढग चढत जातात, आणि दिवस कलतांना विजांच्या कडकडाटांत सर कोसळते. सूर्य हस्त नक्षत्रांत २७ सप्टेंबरच्या सुमारास शिरतो. म्हणून हा हत्तीचा पाऊस, आणि म्हणूनच पाटावर हत्ती काढून त्याच्याभोंवतीं मुली भोंडल्याचा फेर धरतात. परंतु हा हत्ती कधीं पिसाळतोही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं पुण्यांत असाच पाऊस कोसळला, आंबील ओढ्याला पूर आला आणि अनेक माणसें प्राणांस मुकलीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या आरंभीं महाराष्ट्रांत पाऊस पडत राहिला. काढणीस आलेला सोयाबीन आणि कापून ठेवलेला भात शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत कुजला. शहरांत ज्या सरीनें आपली छत्री तेवढी भिजते, तीच सर मावळांत वर्षाचें धान्य नेते. ढगांकडे पाहणें हा निव्वळ रसिकतेचा विषय नव्हे, तो असा.

आतां झाडांकडे वळूं. गौरींबरोबर तेरडा घरांत येतो. त्याचे रंग तीन दिवस टिकतात अशी म्हणच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर सोनकीचीं पिवळीं फुलें सप्टेंबरांत एकाएकीं पसरतात. ही घाई उगीच नसते. कातळावरची माती वीतभर. पाऊस थांबतांच ती वाळणार. तत्पूर्वीं फुलून बीं धरलें पाहिजे. गवताचाही तोच हिशेब. पुण्याच्या टेकड्या पाहतां पाहतां हिरव्याच्या पिवळ्या होतात आणि फिरावयास गेलेल्यांच्या कपड्यांना कुसळें चिकटून घरीं येतात. तीं बियाच आहेत. तुमच्या धोतराच्या कांठास धरून त्या प्रवास करतात, इतकेंच. अंगणांत प्राजक्ताचा सडा पडतो, रस्त्यावर बुचाचीं लांब देठांचीं पांढरीं फुलें पडतात, आणि दसरा-दिवाळीच्या संध्याकाळीं सप्तपर्णीचा उग्र वास कित्येकांना डोकें धरावयास लावतो.

पाखरांची वर्दी शेवटची, परंतु सर्वांत दूरची. पावसाच्या पुढें आफ्रिकेकडून आलेला चातक आतां परत निघतो आणि त्याची हांक थांबते. सप्टेंबरांत एखाद्या सकाळीं गच्चीवर किंवा ओढ्याच्या कांठीं सडपातळ, पोटाकडे पिवळसर, सारखी शेपटी हलविणारा एक पक्षी दिसतो. तो करडा धोबी. हिमालय आणि त्याच्याही पलीकडचा प्रदेश सोडून तो आपल्याकडे हिवाळा काढावयास येतो. मैदानांवर याच सुमारास चतुरांचे थवे तरंगतांना दिसतात. मालदीव बेटांवर शरदांत उतरणारे चतुर हे भारतांतून येऊन समुद्रावरून पुढें पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असें मत चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञानें २००९ मध्यें मांडलें. आपल्या मैदानावर मुलें ज्याच्या शेपटीला दोरा बांधूं पाहतात, तो किडा महासागर ओलांडण्याच्या तयारींत असूं शकेल !

हें सर्व पाहून ठेवावयाचें कशासाठीं ? कारण हा ऋतु आतां आपल्या जागेवरून हलत आहे. वेधशाळेच्या जुन्या कोष्टकांत पश्चिम राजस्थानांतून पाऊस परतूं लागण्याची सरासरी तारीख १ सप्टेंबर होती. २०२० मध्यें नव्या नोंदींवरून ती १७ सप्टेंबर करण्यांत आली. मुंबईची तारीखही २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. २०१९ मध्यें तर राजस्थानांतून परतीस आरंभ व्हावयासच ९ ऑक्टोबर उजाडला होता. हा फरक वेधशाळेस कळला तो स्मरणशक्तीनें नव्हे, रोज लिहिलेल्या नोंदींनीं. घरोघर मात्र "आमच्या लहानपणीं असें नव्हतें" एवढ्यावरच वाद संपतो. आणि कोणाचें लहानपण खरें, हें कोणासच ठरवितां येत नाहीं. आठवण वयाबरोबर रंग बदलते. कागदावरची तारीख बदलत नाहीं.

म्हणून माझी प्रत्येक घरास एक सूचना आहे. एक साधी वही घ्यावी आणि भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत तिच्यांत पांच गोष्टींची तारीख टिपावी : पहिलें दंव, करड्या धोब्याचें पहिलें दर्शन, प्राजक्ताचा पहिला सडा, शेवटचा मेघगर्जनेचा पाऊस, आणि पंखा बंद करावासा वाटला ती पहिली रात्र. एवढ्यास कोणतेंही यंत्र लागत नाहीं. टिपण्याचें काम मुलांकडे द्यावें आणि तपासण्याचें आजी-आजोबांकडे. पहिल्या वर्षीं त्या पांच ओळींना फारसा अर्थ दिसणार नाहीं; दहाव्या वर्षीं त्या वहीस मोल येईल, आणि पंचवीस वर्षांनीं तीच वही हातीं घेऊन तुमचीं नातवंडें ऋतूंविषयीं पुराव्यानिशीं बोलूं शकतील. यंदाचा शरद दाराशीं आला असेल. उद्यां पहांटे गवतावर हात फिरवून पाहा, आणि ओला लागला तर तारीख लिहून ठेवा.