गोळी कानाला चाटून गेली असती तर...

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कुणी आत्ता शेतावरून येऊन टेकली असेल, कुणी भाकरीचं पीठ मळत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या. आज हप्ते नाहीत, इतिवृत्ताची वही नाही, बँकेचा फॉर्म नाही. आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे, आणि त्या गोष्टीच्या मागं दडलेल्या एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द अगदी छोटा आहे, एकाच अक्षराला एक जोडीदार. तो शब्द म्हणजे 'तर'.

आपल्या बोलण्यात तो किती वेळा येतो बघा. 'पाऊस वेळेवर आला असता तर.' 'बाबांनी शिकवलं असतं तर.' 'त्या दिवशी दवाखान्यात लवकर नेलं असतं तर.' आपण उसासा टाकतो आणि कामाला लागतो. पण हाच 'तर' घेऊन एका मोठ्या शास्त्रज्ञानं एक गोष्ट लिहिली आणि ती इतकी गाजली की वाचणारे अजून तिच्याबद्दल भांडतात.

ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले, आणि पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे. 20 मे 2025 रोजी ते पुण्यातच गेले. त्यांच्या त्या गोष्टीचं नाव आहे 'गंगाधरपंतांचे पानिपत'.

पानिपत आपल्याला कुणी शिकवायला नको. 14 जानेवारी 1761. मराठ्यांची फौज अब्दालीपुढं हरली. नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव गोळी लागून पडला, आणि रणातलं सगळं चित्र फिरलं. ती जखम भाषेत अजून ओली आहे. धंदा बुडाला की आपण म्हणतो 'पानिपत झालं.' कुणाचा भरवसा वाटेनासा झाला की म्हातारी माणसं म्हणतात, 'विश्वास तर पानिपतावरच गेला.'

आता गोष्ट ऐका. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक. पुण्यात त्यांना अपघात होतो. अपघाताच्या क्षणी त्यांच्या डोक्यात पानिपतचाच विचार चाललेला असतो. शुद्धीवर येतात तर सगळं ओळखीचं, आणि तरी वेगळं. आगगाडीनं मुंबईला जातात तर तिथं अजून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार! मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तर त्या नावाचा माणूस तिथं कुणाला ठाऊकच नाही. बाई, आपला पोटचा पोरगाच त्या जगात नाही! पंत गडबडून जातात, पण इतिहासाचा माणूस पडला, सरळ ग्रंथालयात जाऊन बसतात. स्वतः लिहिलेली इतिहासाची पुस्तकं काढतात आणि पान-पान उलटत जातात. शिवाजी महाराजांपर्यंत ठीक, पुढंही ठीक. फरक पडतो तो पानिपतपाशी. तिथं लिहिलेलं असतं की गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली. ते वाचले, मराठे जिंकले, आणि पुढचा सगळा देशच वेगळा झाला. इंग्रजांना हातपाय पसरता आले नाहीत, पेशव्यांनी विज्ञानाची केंद्रं काढली, पुढं लोकशाही आली.

बोटभर अंतर, मैत्रिणींनो. गोळी बोटभर इकडं की तिकडं, एवढ्यावर दोनशे वर्षं फिरली.

पुढची गंमतही सांगते, कारण आमच्या गटात ती वाचली तेव्हा बाया पोट धरून हसल्या. पंत आझाद मैदानावर एका सभेला जातात. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. पंतांना आयुष्यभर अध्यक्ष व्हायची सवय, त्यांना ते बघवत नाही. ते वर जातात आणि बोलू लागतात. पण त्या जगात लोकांनी अध्यक्षीय भाषणं कधीच बंद केलेली! लोक टोमॅटो आणि अंडी मारून त्यांना हाकलतात. त्याच गडबडीत पंत परत आपल्या जगात येतात, पण खिशात त्या जगातल्या बखरीचं एक फाटलेलं पान घेऊन. आमच्यातली एकजण म्हणाली, 'ताई, आपल्या गावात पण आणा की असला कायदा.'

ते पान खोटं म्हणावं तर हातात आहे, खरं म्हणावं तर इतिहास वेगळा आहे. पंतांचे शास्त्रज्ञ मित्र त्यांना समजावतात ते थोडक्यात असं. बंदुकीची गोळी कुठं जाईल याचा हिशेब मांडता येतो. पण अणूच्या पोटातला बारीक कण कुठं जाईल हे नक्की सांगता येत नाही. तो इथं असेल किंवा तिथंही असेल. मग असं समजा की जितक्या शक्यता तितकी जगं, एकाशेजारी एक. आपल्याला त्यातलं एकच दिसतं.

नारळीकर सरांच्या गोष्टींवर लोकांनी फार जीव लावला. त्याची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. मराठी विज्ञान परिषदेनं 1974 साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. आपलं नाव मोठं, परीक्षकांवर त्याचं दडपण नको, म्हणून सरांनी नारायण विनायक जगताप या नावानं गोष्ट पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंनी लिहून काढली. मंगलाताई स्वतः गणिताच्या अभ्यासक होत्या. गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. पुढं पोरं सरांच्या सहीसाठी मागं लागायची, तेव्हा सर म्हणायचे, सही नको, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न विचार, उत्तराखाली सही मिळेल. आणि खरंच उत्तरं यायची. पानिपतची ही गोष्ट इंग्रजीतून केंद्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या पुस्तकातही गेली.

असल्या गोष्टींचं वेड फक्त आपल्याकडंच नाही. अमेरिकेत 1977 साली 'व्हॉट इफ' नावाची चित्रकथांची मालिकाच निघाली. नावाचा अर्थच 'असं झालं असतं तर'. ठरलेल्या गोष्टीतला एक धागा बदलायचा आणि पुढं काय होतं ते चित्रांतून दाखवायचं. आता त्याचे कार्टून भागही निघालेत, मोबाइलवर पोरं ते बघतात. तुमचा नातू 'आजी, हा मेलाच नाही तर?' असं म्हणून हातवारे करत काही सांगायला लागला तर त्याला गप्प करू नका. तो गंगाधरपंतांचाच भाऊबंद आहे.

आता जरा माझ्या कामाच्या जागेबद्दल. आमचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे. ही पेठ ज्यांच्या नावानं आहे ते नारायणराव पेशवे म्हणजे पानिपतावर पडलेल्या विश्वासरावांचे धाकटे भाऊ. विश्वासराव वाचले असते तर गादी त्यांना मिळाली असती. मग माधवराव आणि त्यांच्यामागून नारायणराव पेशवे होण्याची वेळ कदाचित आलीच नसती. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्याचीही कथा एका अक्षरावर टांगलेली आहे. हुकूम 'धरावे' असा होता, तो 'मारावे' झाला, असं सांगतात. 'ध' चा 'मा' केला म्हणून आनंदीबाईंना अजून बोल लावतात. बघा, 'तर' पुरुषाच्या वाट्याला येतो तेव्हा शौर्य, आणि बाईच्या वाट्याला येतो तेव्हा दोष.

मुळशीकडच्या एका गटात मी ही गोष्ट वाचून दाखवली. कुणी मेथी निवडत होतं, कुणी पापड लाटत होतं. गोष्ट संपल्यावर एक आजी म्हणाल्या, 'पानिपत जिकलं हे लई झाक झालं. पर त्या जगात पोरी साळंत जात हुत्या का?'

मला उत्तर देता आलं नाही, कारण गोष्टीत बायकांचं फारसं येतच नाही. पण प्रश्न खरा होता. पानिपतची बातमी पुण्याकडं आली ती, म्हणतात, एका सावकाराच्या पत्रातून, हिशेबाच्या भाषेत. दोन मोती गेले, म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा गेल्या, म्हणजे सरदार. आणि चिल्लर, खुर्दा किती गेला याची मोजदादच नाही. आपण बचत गटाच्या बाया. दहा रुपये कमी पडले तर रात्री दिवा लावून वही तपासतो. आपल्याला विचारायला नको का, की त्या खुर्द्यात कोण होतं? साधे शिपाई होते, बाजारबुणगे होते, आणि यात्रेच्या आशेनं सोबत निघालेल्या कितीतरी बायका होत्या.

सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही त्या छावणीत होत्या. त्या जीव वाचवून परत आल्या. भाऊ गेले हे त्यांनी मनानं मानलंच नाही, स्वतःला विधवा म्हणवून घेतलं नाही, असं सांगतात. आणि मग एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. तो तोतया. लोकांना भाऊ जिवंत हवे होते, म्हणून हजारो लोक त्याच्यामागं गेले, कोकणातले किल्लेही त्याच्या हाती पडले. शेवटी 1776 साली त्याला देहदंड झाला.

म्हणजे 'तर' दोन तऱ्हेचा असतो. एक तोतयाचा. तो म्हणतो, झालंच नाही, सगळं परत जागेवर येईल. त्याच्या नादी लागलं की माणूस आशेवर लुटला जातो. पैसे दुप्पट करून देणाऱ्यांच्या मागं जाणारी माणसं आपण बघतोच की. दुसरा 'तर' गंगाधरपंतांचा. तो म्हणतो, जे झालं ते झालं, पण रस्त्याला फाटा कुठं फुटला ते शोध. नशिबात होतं म्हणून सोडून देऊ नकोस.

आमच्या पेठेतच लक्ष्मी रस्त्याला मुलींची एक जुनी शाळा आहे, हुजूरपागा. हुजुरांची पागा, म्हणजे पेशव्यांचे घोडे बांधायची जागा. मुलींची ही शाळा 1884 साली सुरू झाली. सोपं नव्हतं ते. पुण्यातल्या पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी, 'केसरी'नंही, मुलींना असं इंग्रजी शिक्षण देण्यावर टीका केली. पण मुलींना शाळा द्या हे मागणं एका सभेत गव्हर्नरसाहेबांपुढं इंग्रजीत वाचून दाखवलं ते एका बाईनं, रमाबाई रानडे यांनी. भरसभेत बोलली म्हणून घरातल्या बायकांची बोलणीही त्यांनी खाल्ली. त्या दिवशी त्या उठल्याच नसत्या तर? आजींच्या प्रश्नाला माझं उत्तर आता हे आहे: पानिपत जिंकूनही पागेत घोडेच राहिले असते, जर कुणी उठून पोरींसाठी बोललं नसतं तर.

हे आपल्या बैठकीत कसं आणायचं ते सांगून थांबते. अलीकडं एका गटात एका ताईनं मुलीच्या लग्नासाठी तीस हजार अंतर्गत कर्ज मागितलं. मुलगी नुकतीच बारावी झालेली, वयाची अठरा पूर्ण. कायद्यात काही अडत नव्हतं. गटानं उपदेश केला नाही. अध्यक्षांनी वहीचं एक पान उभं मधोमध दुमडलं. डावीकडं लिहिलं, 'आत्ता लग्न केलं तर.' उजवीकडं लिहिलं, 'दोन वर्षांनी केलं तर.' दोन्हीकडं खर्च लिहिला, हप्ता लिहिला, लोक काय म्हणतील तेही लिहिलं. मग मुलीलाच बोलावलं आणि तिचं म्हणणं दोन्हीकडं लिहिलं. त्या माउलीनं पान घरी नेलं. पुढच्या बैठकीत कर्ज मागितलं ते निम्मंच, नर्सिंगच्या प्रवेशासाठी. पाहुण्यांना थांबायला सांगितलंय. ते थांबतील का नाही, अजून कळलेलं नाही. पण फाटा कुठं होता हे त्या घराला आधी दिसलं, नंतर नाही.

म्हणून माझं सांगणं दोनच आहे. एक, ही गोष्ट मिळवा आणि गटात मोठ्यानं वाचा. गावच्या ग्रंथालयात नसेल तर मागणी नोंदवा. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मधे भांडायचंसुद्धा. दोन, पुढच्या बैठकीत कर्जाचा किंवा मुलांच्या शिक्षणाचा एक निर्णय घ्या, वहीचं पान दुमडा आणि दोन्ही 'तर' लिहा. आणि तुमच्या गटातल्या कुणी आजींनी असाच अवघड प्रश्न विचारला, तर तो पोस्टकार्डावर लिहून आपल्या केंद्रावर पाठवा. आपण पुढच्या वेळी तोच प्रश्न घेऊन बसू.

चला, भाकऱ्या करपतील. नमस्कार.