दाव्यातील तडजोड आणि आपली सही
(ज्ञातिसंमेलनात खांब येथे केलेले भाषण)



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपणा सर्वांस ठाऊक आहे. तरीही वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचे दावे घरोघरी उद्भवतात. असे दावे आपसांत मिटावेत, याविषयी दुमत नाही. परंतु तडजोडीवर सही करताना आपण नेमके काय सोडून देत आहोत, हे पुष्कळांस उमगत नाही. म्हणून हे चार शब्द.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील २३ व्या आदेशात याचे नियम आहेत. वादीला आपला दावा किंवा त्याचा काही भाग सोडून देता येतो. मात्र पुन्हा दावा लावण्याची मुभा न्यायालयाकडून मागून घेतली नसेल, तर त्याच मागणीसाठी पुन्हा दावा लावता येत नाही. वादी अनेक असल्यास इतरांच्या संमतीवाचून एकट्याला माघार घेण्याची परवानगी न्यायालय देऊ शकत नाही.

दुसरा मार्ग तडजोडीचा. १९७६ च्या दुरुस्तीनुसार ती लेखी व पक्षकारांच्या सह्यांची असावी लागते. तिच्यावरून झालेल्या हुकूमनाम्यावर सामान्यतः अपील नाही. ती तडजोड बेकायदेशीर होती म्हणून निराळा दावाही चालत नाही. फसवणूक झाली असल्यास त्याच न्यायालयापुढे दाद मागावी लागते. अज्ञान मुलाच्या वतीने तडजोड करावयाची तर न्यायालयाची परवानगी अवश्य हवी. १९८७ च्या कायद्याखालील लोकन्यायालयाचा निवाडाही हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो. त्यावर अपील नसते. कोर्ट फी मात्र परत मिळते.

आता भगिनींविषयी. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. त्यासाठी त्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरीसुद्धा माहेर तुटू नये म्हणून बहीण निमूटपणे सही करते. तिने राजीखुशीने हिस्सा सोडला, तर तो तिचा मोठेपणा होय. परंतु ‘साधी सही आहे’ असे सांगून ती घेणे हा अन्याय आहे. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या या गावी जमिनीचे मोल काय, हे मी सांगावयास नको.

यास्तव माझी विनंती अशी : तडजोडीचा मजकूर ज्याची त्याला मराठीत वाचून दाखवावा, गट क्रमांक व क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहावे, देण्याची रक्कम आणि मुदत लिहून घ्यावी, हक्क कायमचा सुटतो की पुन्हा दावा लावण्याची मुभा राहते, हे वकिलास विचारावे. कोऱ्या कागदावर सही कदापि करू नये.

समजून-उमजून केलेल्या तडजोडीनंतरच भाऊबीजेचे ताट निर्मळ मनाने पुढे येते. आपल्या ज्ञातीत असेच दावे मिटोत, एवढे म्हणून मी आपली रजा घेतो.