पाकीट उघडून बघितलं का?

(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



भाषण सुरू करण्याआधी दोन प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरातलं कोणीतरी आखातात आहे? हात वर करा. अर्ध्याहून जास्त हात दिसतायत. आता दुसरा प्रश्न. विमानाने जाताना दुसऱ्याने दिलेलं पार्सल आपल्या बॅगेत कधीच नेलं नाही, असा कोण आहे? बघा, फक्त दोन हात वर आहेत, आणि त्या दोघांनी अजून विमानप्रवासच केला नसावा.

मीही नेलंय. पहिल्यांदा दुबईला निघालो तेव्हा निघायच्या आदल्या रात्री घरात पार्सलांचा ढीग लागला होता. कुणाचं लोणचं, कुणाची सुकट, कुणाच्या मुलासाठी कुर्ता. सगळं चिकटपट्टीने गच्च बांधलेलं. मी काहीही न उघडता बॅगेत भरलं. विमानतळावर विचारलं, "बॅग तुम्हीच भरलीत का?" मी म्हणालो, "हो." तसं ते खरंही होतं, कारण भरली मीच होती. पण आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. त्या वेळी काही झालं नाही. दरवेळी काही होत नाही, म्हणूनच आपण बेफिकीर राहतो.

आता ज्यांचं झालं त्यांची गोष्ट सांगतो. जुलै २०१९. मुंबईचं एक तरुण मुस्लिम जोडपं कतारला निघालं. सहलीचा सगळा खर्च नवऱ्याच्या फुफीने केला होता, भेट म्हणून. बायकोला दिवस गेले होते. निघताना फुफीने एक पाकीट दिलं. आत जर्दा आहे, तिथे एका ओळखीच्या माणसाला द्यायचा, असं सांगितलं. दोहाच्या विमानतळावर बॅग उघडली तेव्हा आत चार किलोहून जास्त चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची कैद आणि तीन-तीन लाख रियाल दंड झाला. त्यांची मुलगी तुरुंगात जन्मली.

पाकीट देणारी परकी नव्हती, बापाची सख्खी बहीण होती. आपल्या घरात फुफीला कोण विचारतं की यात काय आहे? विचारलं तर ती म्हणेल, "माझ्यावर भरवसा नाही का?" त्या एका वाक्याच्या भीतीने आपण गप्प बसतो.

हे जोडपं सुटलं कसं, ते नीट ऐका. मुलीच्या वडिलांनी मुंबईत अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे तक्रार केली. घरी राहिलेल्या एका फोनमध्ये फुफीशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग सापडलं. तपास झाला, आणि दोघांना फसवलं गेलं हे पुढे आलं. ते कागद भारत सरकारमार्फत कतारपर्यंत पोचले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला सांगितला, मार्चअखेर निर्दोष सुटका झाली आणि एप्रिलमध्ये ते तान्ह्या मुलीला घेऊन मुंबईला परतले. पावणेदोन वर्षं गेली. कुणी ओरडलं किंवा मोर्चा काढला म्हणून ते सुटले नाहीत. एका बापाने पुरावा गोळा केला आणि तो योग्य दारात नेऊन ठेवला, म्हणून ते सुटले.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात बघू. आपण सगळ्यांनी शाळेत शिकलंय की गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. अमली पदार्थांच्या बाबतीत हे तत्त्व बरंच पातळ होतं. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. माल तुमच्या ताब्यात सापडला की तुम्हाला त्याची जाणीव होती असं कलम ३५ आणि ५४ नुसार न्यायालय गृहीत धरू शकतं. जाणीव नव्हती हे तुम्ही सिद्ध करायचं. एक किलोहून जास्त चरस म्हणजे व्यापारी प्रमाण. त्याला दहा ते वीस वर्षं शिक्षा. अशा प्रकरणात जामीनही सहज मिळत नाही, कारण कलम ३७ प्रमाणे हा माणूस दोषी नसावा असं न्यायालयाला आधी वाटावं लागतं. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइनच्या तस्करीला फाशी आहे. सौदी अरेबियातही तस्करीला मृत्युदंड होतो. "मला माहीत नव्हतं" हे तिथे उत्तर म्हणून पुरत नाही.

कधी कधी तर पाकीटही कुणी दिलेलं नसतं. मार्च २०२३ मध्ये ब्राझीलच्या दोन महिलांना जर्मनीत फ्रँकफर्टच्या विमानतळावर पकडलं. त्यांच्या नावाचे टॅग असलेल्या बॅगांत चाळीस किलो कोकेन होतं. त्या सांगत राहिल्या की या बॅगा आमच्या नाहीत. खरंच नव्हत्या. साओ पावलोच्या विमानतळावर सामान हाताळणाऱ्या टोळीने त्यांच्या बॅगांचे टॅग काढून दुसऱ्या बॅगांना लावले होते. सीसीटीव्हीच्या चित्रणातून ते उघड झालं. तोवर त्या ३८ दिवस तुरुंगात होत्या.

पण मित्रांनो, एवढंच सांगून थांबलो तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. पकडलेला प्रत्येक जण फसवलेला नसतो. थायलंडने २०२२ मध्ये गांजा मोकळा केला. त्यानंतर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडे मुंबई विमानतळावर महागडा गांजा वारंवार सापडतोय. नेणारी पोरं तुमच्याच वयाची असतात. त्यांना सांगितलेलं असतं, तिकीट आमचं, हॉटेल आमचं, वर पैसे देतो, येताना फक्त एक बॅग आण. फुकट परदेशवारी कुणी देत नाही हे त्यांना कळत असतं, पण बेरोजगारी आणि हौस दोन्ही मिळून डोळ्यांवर पट्टी बांधतात. माल ज्याचा असतो तो घरी बसलेला असतो. तुरुंगात जातो तो बॅग उचलणारा. त्यात आपली मुलं असतील तर "आपल्या समाजाला मुद्दाम बदनाम करतात" म्हणून विषय झटकू नका. जिथे तसं होतं तिथे जरूर बोलू, पण आधी प्रकरण काय आहे ते बघू.

उलट बाजूही तेवढीच वाईट आहे. कुणी पकडलं गेल्याची बातमी आली की पहिल्या तासात मोहल्ल्याचा निकाल लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतो. "पैसा असाच आला होता" असं म्हटलं जातं. त्या घरच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं. सूरह हुजुरात आपल्याला आलेली खबर पडताळून घ्यायला शिकवते. आपण ती पडताळण्याआधी दहा जणांना पाठवतो. न्यायालयाने निर्दोष सोडलं तरी त्या बातमीचा फोटो फिरत नाही.

मग करायचं काय?

दुसऱ्याचं पार्सल न्यायचं असेल तर त्याच्यासमोर उघडा, एकेक वस्तू बघा आणि परत तुम्हीच बांधा. ते चालत नसेल तर नेऊ नका. ट्रॉफी, खेळणी, चपला, मिठाईचे डबे यांतही माल लपवतात. २०२३ मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीला ऑडिशनसाठी म्हणून ट्रॉफी देऊन शारजाला पाठवलं होतं. ती तिथे अटकेत गेली आणि मुंबईत सूडाचा कट उघडकीस आला.

बॅग जमा करण्याआधी तिचा फोटो काढा, वजन लक्षात ठेवा, टॅगची पावती जपून ठेवा. औषधं नेताना डॉक्टरची चिठ्ठी घ्या. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेलं औषध अमिरातीत न्यायचं असेल तर तिथल्या सरकारी यंत्रणेची परवानगी आधी लागते.

अटक झालीच तर न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका, दुभाषी मागा. परदेशात असाल तर भारतीय दूतावासाला कळवा असं सांगा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तो हक्क दिलाय. घरच्यांनी परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि फोन, चॅट, तिकिटाची पावती यांतलं काहीही पुसू नये. भारतात अटक झाली तर २४ तासांत न्यायाधीशापुढे उभं करणं बंधनकारक आहे, आणि कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मागता येतो.

शेवटी परत त्या पार्सलाकडे येतो. गेल्या वर्षी पुन्हा दुबईला निघालो. शेजारच्या चाची मुलासाठी डबा घेऊन आल्या. मी म्हणालो, "चाची, एकदा उघडून बघतो." त्यांचा चेहरा पडला. "बेटा, मी तुला लहानपणापासून ओळखते." मला फार लाजल्यासारखं झालं, तरी मी उघडला. आत रव्याचे लाडू होते आणि एका पिशवीत पाव किलो खसखस, सुनेला खीर करायला. खसखस अमिरातीत बंद आहे. चाचींना माहीत नव्हतं. त्यांच्या मनात काही वाईट असण्याचा प्रश्नच नव्हता. पण बॅग माझी होती आणि पकडला मी गेलो असतो. मी समजावून सांगितलं. त्या घाबरल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं बघितलंस. माझ्या पोराकडेच पोलीस गेले असते ना?"

आपण या सामानाला अमानत म्हणतो. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम मक्केहून हिजरतला निघाले तेव्हा लोकांच्या ठेवी परत करायला हजरत अली यांना मागे ठेवून गेले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या ठेवी कुणाच्या आणि काय आहेत हे माहीत होतं, म्हणून त्या परत करता आल्या. न बघता उचललेली वस्तू अमानत कशी होईल? तेव्हा आज घरी गेल्यावर एक काम करा. आईला, खालाला, फुफीला आत्ताच सांगून ठेवा की यापुढे आमच्या घरातून जाणारं प्रत्येक पार्सल उघडून बघितलं जाईल, आपलं असो की परक्याचं. सगळ्यांना एकच नियम असला की कुणाचा अपमान होत नाही.

खुदा हाफिज.