आरसा नसलेला कॅमेरा : एका नवशिक्याचे अनुभव

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी छायाचित्रकार नव्हे. बदल्यांमागे बिऱ्हाड हलविणारा सरकारी नोकर. 2018 साली आलेला कॅननचा ईओएस एम50 मी घेतला, तो वजन बॅटरीसह अवघे 390 ग्रॅम म्हणून. ती मालिका आता बंद झाली; तिने शिकविलेले मात्र उरले.

जुन्या एसएलआरमध्ये आरसा दृश्य डोळ्यांकडे वळवितो. येथे आरसा नाही. संवेदकावरील चित्रच डोळ्यांपुढे येते. छायाचित्र काळवंडणार असेल, तर ते कळ दाबण्यापूर्वीच उमगते. नवशिक्यास याहून चांगला गुरू कोणता?

पण हा गुरू सर्वच सांगत नाही. त्या गणेशोत्सवात स्वयंपाकघराच्या मंद उजेडात आई मोदकांना कळ्या पाडीत होती. चित्र रवाळ होऊ नये म्हणून मी आयएसओ 400 वरच ठेवला. कॅमेऱ्याने शटर 1/15 सेकंद उघडे ठेवले. उजेड नेमका आला, बोटे मात्र पुसट झाली. आयएसओ 3200 केला असता, तर तेवढ्याच उजेडात 1/125 सेकंद पुरला असता. थोडा रवाळपणा आला असता. पण आईची बोटे राहिली असती. पुढील गणपतीला आई नव्हती.

म्हणून विनंती एवढीच : जवळ दुसरी बॅटरी बाळगा, कारण एकीवर सुमारे 235 चित्रेच निघतात. मंडळाच्या ज्येष्ठांचे चेहरे आणि हात यंदाच टिपा, आणि ती चित्रे कागदावर छापून घ्या. रवाळ आली तरी चालतील.